पणजोबांच्या पेटीतलं जपानी बंदराचं रेशमी चित्र खरंच किती जुनं?

प्रश्न थोडक्यात असा: घरात पणजोबांच्या काळापासून एक जपानी चित्र आहे, रेशमी कापडावर काढलेलं, साधारण दोन फूट रुंद. त्यात डोंगरांनी वेढलेलं बंदर, तीन मोठी परदेशी जहाजं, एकाच्या धुराड्यातून धूर निघतोय, भोवती खूप छोट्या होड्या, आणि कोपऱ्यात दोन-चार अक्षरं आणि लाल शिक्का. पणजोबा मुंबईत कापसाच्या पेढीवर होते आणि कामानिमित्त जपानला जाऊन आले होते. आता काचेखाली तपकिरी डाग पडलेत, आणि एका डीलरने सही बघून "दीडशे वर्षांपूर्वीचं आहे" म्हणत विकत घ्यायची तयारी दाखवलीय. तर ते खरंच तेवढं जुनं आहे का आणि डाग घरच्या घरी निघतील का.

डागांचं उत्तर आधी देतो कारण ते सोपं आहे: नाही, हात लावू नका, कारण खाली सांगतो. वयाचं उत्तर लांबलचक आहे. मी गेली बरीच वर्षं कागद आणि कापडावरच्या जुन्या चित्रांचं संवर्धन करतोय, आणि असं चित्र समोर आलं की सगळे आधी कोपऱ्यातल्या शिक्क्याकडे बोट दाखवतात. मी शिक्का सगळ्यात शेवटी बघतो. जपानमध्ये गुरूच्या चित्राची नक्कल करणं हा शिकण्याचाच भाग होता, चांगल्या नावाला गिऱ्हाईक मिळतं हे तिथल्या दुकानदारांनाही कळत होतंच, आणि शिक्का काय, कोरून घेता येतो. बंदराच्या चित्राचं मात्र एक बरं असतं, पाण्यावर आणि किनाऱ्यावर जे काढलंय ते इतिहासात नोंदलेलं असतं, त्यामुळे "हे अमुक सालाच्या आधीचं असूच शकत नाही" एवढं बसल्या जागी सांगता येतं. पण फक्त एवढंच हं. आधीचं नाही हे बंदर सांगतं, नंतरचं किती हे रेशीम आणि मागची चिकटवलेली बाजू सांगते. ह्या दोन गोष्टींची गल्लत केली की दीडशे वर्षं वगैरे आकडे तयार होतात.

तर आधी बंदर कुठलं ते ठरवा. डोंगरांनी वेढलेली लांबट अरुंद खाडी असेल तर बहुतेक नागासाकी. तिथे किनाऱ्याला चिकटून पंख्याच्या आकाराचं एक छोटं बेट दिसतंय का बघा, एका पुलाने गावाला जोडलेलं, ते देजिमा. १६३६ मध्ये ते पोर्तुगीजांना एका जागी कोंडून ठेवायला बांधून झालं, मग १६३९ मध्ये पोर्तुगीजांना देशाबाहेर घालवलं आणि १६४१ मध्ये डच व्यापाऱ्यांना हिरादो ह्या दुसऱ्या बंदरातून उचलून तिथे आणून बसवलं. पुढे दोनशेहून जास्त वर्षं युरोपियन माणसाला जपानमध्ये राहायला तेवढीच जागा. चिनी व्यापाऱ्यांची वस्ती वेगळी, कुंपण घातलेली, १६८९ पासूनची. ह्याउलट सपाट किनारा, आखीव सरळ रस्ते आणि पाण्यात शिरलेले दोन धक्के असतील तर योकोहामा, ते १८५९ मध्ये परदेशी व्यापाराला खुलं झालं. कोबे १८६८ च्या अगदी सुरुवातीला. तुमच्या वर्णनावरून मला नागासाकी वाटतंय, पण फोटो बघितल्याशिवाय पैज लावणार नाही.

नागासाकीचं चित्र असेल तर त्या छोट्या होड्यांकडे नीट बघा. वाऱ्यावर भरवसा न ठेवता डच जहाज होड्यांच्या रांगांनी दोर लावून ओढत खाडीत आणायचे, त्यामुळे जुन्या चित्रांत एका अजस्र जहाजाच्या पुढे होड्यांच्या माळाच्या माळा दिसतात आणि जहाजाच्या बाजूने सलामीच्या तोफांचा पांढरा धूर. हा धूर आणि धुराड्याचा धूर ह्यात लोक फसतात म्हणून सांगतोय. तोफेचा धूर जहाजाच्या कुशीतून, पाण्याच्या जवळ, गोळ्यागोळ्यांनी निघतो, धुराड्याचा डोलकाठ्यांच्या मधून वर जातो आणि काळपट असतो. तुमचा खरंच धुराड्याचा असेल तर हिशोब सोपा झाला, कारण नागासाकीत वाफेवरची जहाजं आली ती १८५३ नंतर. त्या ऑगस्टमध्ये पुत्यातिन ह्या रशियन नौदल अधिकाऱ्याचं जहाजांचं पथक आलं, त्यात एक छोटं वाफेचं जहाज होतं, आणि पुढच्या वर्षी डचांचं सुम्बिंग आलं, जे त्यांनी १८५५ मध्ये शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या सरकारला भेट देऊन टाकलं आणि त्याचं नाव कानको मारू झालं. अमेरिकन नौदलाच्या पेरीची ती प्रसिद्ध काळी जहाजं १८५३ च्या जुलैत आली खरी, पण उरागाला, म्हणजे एदोच्या (आजच्या टोकियोच्या) तोंडाशी, नागासाकीला नाही. त्यामुळे कोणी नागासाकीचं चित्र दाखवून "हा बघा पेरी" म्हणाला तर चहा प्या आणि निघा.

मग झेंडे. आडवे लाल-पांढरे-निळे पट्टे म्हणजे डच, उभे म्हणजे फ्रेंच, आडवेच पण पांढरा-निळा-लाल असा क्रम असेल तर रशियन व्यापारी जहाज. काळा-पांढरा-लाल दिसला तर १८६७ च्या आधीचं नाही, कारण उत्तर जर्मनीचा तो झेंडाच तेव्हाचा. पांढऱ्यावर लाल गोळा, म्हणजे जपानचा स्वतःचा, तो जहाजांवर लावायचा हुकूम १८५४ चा आणि व्यापारी जहाजांसाठी नीट मापं ठरवून दिली १८७० मध्ये. पण झेंडा बघून जहाज कुठल्या देशाचं हे छातीठोकपणे सांगू नका. १७९७ ते १८०९ ह्या काळात युरोपातल्या युद्धांमुळे डचांना स्वतःची जहाजं पाठवता येईनात म्हणून त्यांनी अमेरिकन जहाजं भाड्याने घेतली आणि ती नागासाकीत डच झेंडा लावून शिरायची. १८०८ मध्ये तर फीटन नावाची ब्रिटिश युद्धनौका डच झेंडा फडकवत आत घुसली, डच माणसांना ओलीस धरलं, रसद उकळली आणि निघून गेली, आणि बंदराचा कारभारी मात्सुदाइरा यासुहिदे याने त्या नामुष्कीपायी स्वतःचं पोट चिरून घेतलं.

किनाऱ्यावरही खुणा असतात. नागासाकीच्या दक्षिण बाजूला उतारावर परदेशी बंगले आणि चर्च दिसत असेल तर ते ओउराचं चर्च, १८६४ च्या अखेरीस बांधून झालेलं. देजिमाच्या चारी बाजूंना पाणी नसेल तर आणखी पुढचा काळ, कारण भराव घालत घालत १९०४ पर्यंत ते बेट जमिनीतच मिसळून गेलं. योकोहामाचं निघालं तर धक्का बघा, १८६७ मध्ये त्यातला एक हत्तीच्या सोंडेसारखा वळवून लांब केला आणि तिथले लोक त्याला "हत्तीची सोंड" असंच म्हणतात, आजही ती जागा आहे. आगगाडी दिसली तर १८७२ नंतरचं.

आता समजा ह्या सगळ्यातून १८५५ च्या पुढचं असं निघालं. म्हणून ते १८५५ चं झालं का? नाही ना. डच जहाजं आणि जुनं नागासाकी हा विषय जपानमध्ये नंतरही आवडीने काढला जायचा, विसाव्या शतकात तर त्याचे खास संग्राहक होते. कोबेच्या इकेनागा हाजिमे यांनी असल्या चित्रांचा एवढा संग्रह केला की १९४० मध्ये त्यासाठी स्वतःचं म्युझियम उघडलं, तो आता कोबे सिटी म्युझियममध्ये आहे. जिथे संग्राहक तिथे नकलाही, हे काय सांगायला नको.

इथे तुमच्या पणजोबांचा धागा कामाला येतो, आणि मला तो सहीपेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो. मुंबईहून कापूस जपानला जायचा आणि त्या मालावर युरोपियन बोट कंपन्यांची मक्तेदारी होती, ती मोडायला जमशेटजी टाटांनी निप्पॉन युसेन कायशा ह्या जपानी कंपनीशी हातमिळवणी केली आणि १८९३ मध्ये मुंबई ते कोबे थेट बोट सुरू झाली. कापसाच्या पेढीवरचा माणूस जपानला गेला तो बहुधा ह्या काळात किंवा नंतर, आणि बहुधा कोबेला. तेव्हा कोबेच्या दुकानांत परदेशी गिऱ्हाइकांसाठी बनवलेला माल भरपूर मिळायचा. म्हणजे शक्यता दोन: त्यांनी तेव्हा नवंच असलेलं चित्र घेतलं, किंवा तेव्हाही जुनं असलेलं. पहिली जास्त संभवते, पण दुसरी अशक्य नाही. जुने पासपोर्ट, पत्रं, बिलं, पेढीचा कागद असं काही घरात असेल तर ते चित्रासोबत जपा, साधा तारखेचा लिफाफाही चालेल.

बरं, आता चित्र हातात न घेता भिंग घेऊन बघा, दहापट मोठं दाखवणारं, सोनाराकडे असतं तसलं. पहिली गोष्ट, ते खरंच रंगवलेलं आहे का. हसू नका, कारण जपानमधून चार प्रकारची "रेशमी चित्रं" आलीत: ब्रशने रंगवलेली, भरतकाम केलेली, मखमलीवर रंगवून मग लव कापलेली, आणि चक्क छापलेली. छापलेल्यात भिंगाखाली एकसारखे ठिपके दिसतात किंवा रंगाची कड सगळीकडे सारख्याच जाडीची. ब्रशच्या रेषेत शाई कुठे जाड कुठे बारीक होते, रेषा सुरू होते तिथे थोडी साचलेली असते. जहाजांचे दोर बघा, बंदराच्या चित्रात चित्रकाराचा हात तिथेच कळतो. माहीतगार माणसाने काढलेला दोर कुठून निघून कुठे बांधलाय ते समजतं, नक्कल करणाऱ्याचे दोर हवेतच संपतात.

मग टॉर्च आडवा धरून बघा, काचेवरूनच. जपानी पद्धतीत रेशमावर आधी सरस आणि तुरटीचा पातळ हात देतात, नाहीतर रंग फुटतो. रंग म्हणजे दगडांची पूड, निळा अ‍ॅझुराइटचा, हिरवा मॅलाकाइटचा, लाल हिंगुळाचा, आणि पांढरा कालवांच्या शिंपल्यांपासून केलेला, ह्याला गोफून म्हणतात. हे सगळं सरसात कालवून लावलेलं, त्यामुळे आडव्या उजेडात शिडांचा पांढरा रंग किंचित उंच दिसायला पाहिजे, आणि जुन्या चित्रात तो बारीक भेगाळलेला. कधी रेशमाच्या पाठीमागूनही रंग लावलेला असतो, म्हणजे समोरून तो मऊ, आतून आल्यासारखा दिसतो, ही मेहनत स्वस्तातल्या मालात सहसा कोणी घेत नाही.

निळ्या रंगावरून एक गैरसमज फार पसरलाय. प्रशियन ब्लू, म्हणजे युरोपात तयार झालेला गडद निळा, दिसला म्हणजे चित्र १८३० नंतरचं असं काहीजण ठोकून देतात. १८३० च्या आसपास तो लाकडी ठशांच्या चित्रांत धो धो वापरात आला हे खरं, पण डचांमार्फत तो आधीपासून येत होता, इतो जाकुचू ह्या जपानी चित्रकाराच्या १७६० च्या दशकातल्या एका रेशमी चित्रात तो तपासणीत सापडलाय. म्हणून निळ्यावरून काही ठरवू नका. भडक जांभळा किंवा गुलाबी, तोही कडेने पसरलेला, दिसला तर मात्र कान टवकारा, कारण ते कारखान्यातले अ‍ॅनिलीन रंग असू शकतात आणि त्यांचा शोधच १८५६ चा.

तुम्ही लिहिलंय की चित्रकार म्हणून डीलर कावाहारा केइगा याचं नाव घेतोय. नाव खरं आहे, माणूसही जबरदस्त. जन्म १७८६ चा, देजिमात डचांसाठी चित्रं काढायची त्याला परवानगी होती, आणि डॉक्टर सीबोल्ड १८२३ ते १८२९ तिथे असताना त्याच्यासाठी केइगाने झाडं, मासे, माणसं, सण, सगळं काढलं, आणि नागासाकी बंदरही अनेकदा, रेशमावरसुद्धा. त्यातली बरीच चित्रं हॉलंडमध्ये लायडनला आहेत. गंमत म्हणजे बंदराचं चित्रच त्याला महागात पडलं. १८४२ मध्ये त्याने डचांसाठी काढलेल्या बंदराच्या एका चित्रात पहाऱ्यावरच्या सरदारांच्या नौकांवरची घराण्यांची चिन्हं जशीच्या तशी रंगवली, सरकारने ते गुपित फोडणं मानलं आणि त्याला नागासाकीतून हद्दपार केलं. आता तुमच्या चित्रात धुराडं आहे म्हणताय, म्हणजे ते केइगाच्या अगदी शेवटच्या वर्षांतलं असायला हवं, कारण १८६० च्या सुमारास तो गेला. अशक्य नाही, पण नुसत्या सहीवर मी हे मान्य करणार नाही.

अजून दोन गोष्टींशी घोळ होतो. एक, मुंबईतल्या जुन्या पारशी, भाटिया घरांत चीनहून आलेली बंदराची चित्रं असतात, कँटनच्या वखारी, समोर देशोदेशींचे झेंडे रांगेने. ती बहुतेक कॅनव्हासवर तैलरंगात किंवा पातळ कागदावर, त्यांचा जपानशी संबंध नाही. दुसरी, सोनेरी पानं लावलेले मोठे पडदे ज्यांवर काळं पोर्तुगीज जहाज आणि फुगीर विजारीतले लोक दिसतात. ते कागदावरचे, सोळाव्या शतकाच्या अखेरीपासूनचे. आपला खरा संबंध खरं तर त्यांच्याशी आहे, कारण ती जहाजं गोव्याहून मलाक्का, मकाव करत नागासाकीला जायची, आणि त्यांवर दिसणारे सावळे नोकर-खलाशी ह्याच वाटेने गेलेले. पण तो विषय वेगळा, कधीतरी लिहीन.

आता डाग. काच थेट रेशमाला टेकलेली असणार आणि मागे प्लायवूड किंवा पुठ्ठा, मुंबईत नव्वद टक्के वेळा हेच असतं. पावसाळ्यात काचेच्या आत दमटपणा साचतो, पुठ्ठ्यातलं आम्ल रेशमात उतरतं, बुरशी धरते आणि कसर मागची खळ खाते, हो, चित्र मागे कागदावर गव्हाच्या खळीने चिकटवलेलं असतं आणि किड्यांना ती मेजवानीच. ओल्या कापसाने पुसलं तर डाग निघत नाही, पसरतो, आणि पाणी जिथे थांबतं तिथे नवी तपकिरी कड उमटते. शिवाय रंग सरसाने धरलेले असतात, पाणी लागलं की सुटतात, पांढरा सगळ्यात आधी. पावाचा गोळा, खोडरबर, इस्त्री, हेअर ड्रायर, ह्यातलं काहीही नको. फाटलेल्या जागी फेव्हिकॉल किंवा सेलोटेप तर अजिबात नको, कारण जपानी पद्धतीत दर पन्नास-शंभर वर्षांनी मागचा कागद सोडवून नवा लावायचा असतो, आणि खळ पाण्याने सुटते पण फेव्हिकॉल सोडवताना रेशीमच त्याच्यासोबत येतं.

तुम्ही फक्त एवढं करा. भिंतीवरून उतरवा, विशेषतः बाहेरची भिंत असेल तर. कोरड्या खोलीत, आडवं, चित्र वरच्या बाजूला ठेवून, वर स्वच्छ सुती कापड. कपाटात डांबराच्या गोळ्या चित्राला लागून ठेवू नका. सिलिका जेलची पाकिटं भरभरून टाकायचा मोह आवरा, फार कोरडं झालं की जुनं रेशीम तडकतं, आर्द्रता पन्नास ते साठ टक्क्यांत राहिली की पुरे. फ्रेम स्वतः उघडू नका, कारण कधी कधी रंग काचेलाच चिकटलेला असतो आणि काच उचलली की शीड काचेवर जातं. हे काम कागद-कापडाच्या कॉन्झर्व्हेटरकडेच द्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, आणि त्यांच्याकडे टाटा घराण्याने दिलेला जपानी-चिनी कलेचा संग्रहही आहे, तो एकदा बघून या, चांगलं रेशीम चांगल्या स्थितीत कसं दिसतं ते डोळ्याला कळेल. पुन्हा फ्रेम करताना काच आणि चित्रामध्ये जागा सोडायला सांगा, मागे आम्लविरहित बोर्ड, आणि टांगाल तिथे ऊन नको, म्युझियममध्ये असल्या चित्रांवर पन्नास लक्सच्या वर उजेड ठेवत नाहीत.

डीलरला सध्या थांबवा. त्याची किंमत बरोबर की चूक हे मी सांगत नाहीये, पण डाग असलेल्या अवस्थेत आणि काळ न ठरवता विकलं तर घाटा तुमचाच. आणि तो "परदेशी लिलावात पाठवतो" म्हणाला तर सावध व्हा, शंभर वर्षांवरचं चित्र आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने पुरातन वस्तू ठरतं आणि ते असं परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाही.

फोटो पाठवायचे असतील तर फ्लॅश बंद ठेवून: अख्खं चित्र, टॉर्च आडवा धरून एक, प्रत्येक जहाजाचा झेंडा जवळून, किनाऱ्यावरच्या इमारती, धुराडं, फ्रेमची पाठ, आणि हो, सही-शिक्काही पाठवा, बाजूला पट्टी ठेवून म्हणजे माप कळेल. आधी धुराड्याचा आणि इमारतींचा पाठवलात तर काळाबद्दल लगेच काहीतरी सांगता येईल.